आडव्या नारळाची वही

मुक्तारामनानांच्या तळहातावर नारळ आडवा असायचा.
नाना अनवाणी चालायचे, या बांधापासून त्या बांधापर्यंत,
मागं आम्ही पोरं, गप्प.
आणि एका जागी नारळ हळूच उभा राहायचा,
झोपेतून उठल्यासारखा.
"हितं. दोनशे फुटांवर. गोडं पाणी."
मग तामिळनाडूची बोअरची गाडी यायची,
रात्रभर गावाच्या दाढा हलवायची,
पहाटे पांढऱ्या चिखलातून पाणी वर आलं
की नानांना टॉवेल-टोपी.

नाना माझ्या आईचे चुलते.
मीही टाळ्या वाजवल्यात.

नववीत एकदा बिरादार मॅडमनी
फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
खडू बोटांत फिरवत म्हणाल्या,
तुम्हाला पक्की ठाऊक असलेली एक गोष्ट सांगा.
मी उभी राहिले : नानांना पाणी दिसतं.
वर्ग हसला नाही. मॅडमही हसल्या नाहीत.
एवढंच म्हणाल्या, "किती वेळा?"

तीन दिवस तो प्रश्न
दातात अडकलेल्या ज्वारीच्या कोंड्यासारखा
जिभेला सापडत राहिला.

मग दोनशे पानी वही घेऊन गावभर फिरले.
कलबुर्गे, शिंगाडे, गफूरभाईंचं सोयाबीनचं रान.
पाणी लागलं का? किती फुटांवर? कोणी दाखवलं?
पारावरचे म्हातारे म्हणाले,
"काहून गं, सरपंचाला उभी राहतीस का?"
एकोणतीस बोअर.
अठराला पाणी.
अकरा कोरड्या,
त्यांच्या तोंडावर दगड ठेवलेले,
आणि त्यांची गोष्ट कुणाच्याच तोंडी नाही.

जिंकल्यासारखी मी वही मॅडमपुढं ठेवली.
त्यांनी चष्मा वर सारला.
"आणि जिथं नारळ आडवाच राहिला,
तिथं कोणी खोदून बघितलं?"

कोण खोदेल?
तिथली जमीन कोरडी आहे असं नाही,
तिला कोणी विचारलंच नाही.
मी वहीत एक पान रिकामं सोडलं.
घरी नेताना तेच जड लागलं.

नानांना जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील.
ते पानाला चुना लावत राहिले.
मग म्हणाले,
"पोरी, गावाचा उतार मला पाठ हाय.
वढ्याच्या अंगाला मी कधी नाही म्हणलो का?
नारळ तर मीच धरतो."
आणि जरा थांबून,
"पण उभा राहतो तवा मलाबी दचकायला होतंय."
ही दोन्ही वाक्यं मी लिहून घेतली.
खोडलं कुठलंच नाही.

अकरावीला लातूरला आले.
ट्यूशन एरियात फ्लेक्सवर चेहरेच चेहरे,
कपाळाला गुलाल, खाली गुण,
दुमजली घराएवढे.
बाबा मान वर करून बघत राहिले,
"बघ, किती जणांचे नंबर लागले हितं."
माझ्या तोंडून निसटलं,
"बसले किती होते?"
बाबांनी माझ्याकडं बघितलं, परत वर बघितलं.
फी भरायची ती भरलीच.

परवा रूमवर झोप येईना, वही काढली.
एकोणतीस.
गावात बोअर पस्तिसाच्या खाली नसतील.
तांबोळ्यांच्या दारात कुत्रं होतं, मी गेले नव्हते.
आणि विहारामागच्या गल्लीत बोअर नसणारच,
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
मीच धरून चालले होते.
मॅडमनाही ते दिसलं नाही,
की दिसलं आणि माझ्यासाठी ठेवलं,
ठाऊक नाही.

दिवाळीच्या सुट्टीत वही सोबत नेणार आहे.
रिकाम्या पानाच्या मागची बाजूही
अजून कोरीच आहे.